सृष्टिनिर्मितीची ख्रिस्ती कल्पना आणि उत्क्रांतिवाद

सृष्टिनिर्मितीची ख्रिस्ती कल्पना : विश्व, जीवसृष्टी व मानव यांना एकाच देवाने स्वेच्छेने निर्माण केले, ही सर्व देवाहून भिन्न आहेत आणि आपल्या अस्तित्वासाठी सदैव त्याच्यावर अवलंबून आहेत, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा. नायसिया येथील धर्मपरिषदेच्या श्रद्धासूत्रात (इ.स. 325) देवाला दृश्य व अदृश्य अशा सर्व वस्तूंचा कर्ता म्हटले आहे. ही निर्मिती केव्हा झाली, किती अवधीत झाली व कोणत्या क्रमाने झाली, याविषयी हे सूत्र काहीही सांगत नाही. उत्क्रांतिवाद आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो. विसाव्या शतकातील अमेरिकन वादंगामुळे सहा दिवसांत घडलेली, सहा हजार वर्षे वयाची पृथ्वी हीच ख्रिस्ती धर्माची सार्वकालिक शिकवण, असा समज रूढ झाला आहे. उपलब्ध पुरावा पाहता तो टिकत नाही.

बायबलमधील वृत्तांत : जुन्या कराराच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात निर्मितीचे दोन वृत्तांत लागोपाठ येतात. पहिल्यात (1:1 ते 2:4 चा पूर्वार्ध) पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी व वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी, सहाव्या दिवशी भूचर प्राणी आणि शेवटी स्त्री व पुरुष असा क्रम असून सातवा दिवस विश्रांतीचा आहे. दुसऱ्या वृत्तांतात प्रथम मातीपासून पुरुष घडतो, मग एदेन बाग, मग प्राणी आणि अखेरीस पुरुषाच्या फासळीपासून स्त्री. दिवसांची गणती तेथे नाही. देवाचे नाव, शैली व क्रम यांतील हा फरक फ्रेंच वैद्य झां आस्त्र्युक याने 1753 मध्ये निनावी ग्रंथ लिहून वेगवेगळ्या मूळ लेखांच्या आधारे उलगडला. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित यूलियुस वेलहाउझेन याने हे विवेचन पुढे नेले. पहिला वृत्तांत पुरोहितवर्गाच्या परंपरेतील असून तो सामान्यतः इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांत, म्हणजे ज्यूंच्या बाबिलोनमधील बंदिवासाच्या काळात वा त्यानंतर, लिहिला गेला असावा असे मानतात. दुसरा वृत्तांत जुन्या पिढीतील अभ्यासक इ.स.पू. दहाव्या-नवव्या शतकांतील मानीत. अलीकडे अनेकांचा कल तो बराच उशिराचा मानण्याकडे आहे. दोन्हींचे अंतिम संकलन बंदिवासानंतरचे, एवढे मत त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणता येईल.

निनेव्हे येथील उत्खननात मिळालेल्या मृत्तिकापट्टांवरील बाबिलोनी निर्मितिकथा जॉर्ज स्मिथने 1876 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा हिब्रू वृत्तांत तिच्यावरूनच घेतला असे अनेकांना वाटले. हेर्मान गुंकेल याने 1895 मध्ये या तुलनेला भक्कम बैठक दिली. आज थेट उसनवारीपेक्षा समान सांस्कृतिक पार्श्वभूमीवर अधिक भर दिला जातो. बाबिलोनी कथेत देवांच्या युद्धातून, मारलेल्या तिआमत या आदिसागररूपी देवतेच्या देहापासून आकाश व पृथ्वी घडतात. हिब्रू वृत्तांतात युद्ध नाही, केवळ आज्ञा आहे. सूर्य व चंद्र तेथे देवता नसून टांगलेले दिवे आहेत. या वृत्तांताचा खरा रोख शेजारच्या धर्मांकडे होता, निसर्गविज्ञानाकडे नव्हता, हे मत त्यामुळेच ग्राह्य वाटते.

शून्यातून निर्मिती : कोणत्याही पूर्वसिद्ध द्रव्याविना देवाने विश्व निर्माण केले, हा सिद्धांत ‘उत्पत्ती’मध्ये स्पष्ट शब्दांत नाही, तेथे आरंभीच अंधार व जल आहेत. मक्काबी घराण्याविषयीच्या दुसऱ्या ग्रंथातील (7:28) एक वचन यासाठी पुढे केले जाते. पण ते पुत्राला धीर देणाऱ्या मातेच्या तोंडी आहे, त्यावर तात्त्विक सिद्धांताचा भार टाकणे कठीण. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याला देवाने आकारहीन द्रव्याला आकार दिला असे मानण्यात अडचण वाटली नाही. त्यानंतर सु. 180 च्या सुमारास अँटिऑकचा थिऑफिलस व त्याच काळातील आयरेनीअस यांनी मात्र द्रव्य अनादी मानणे नाकारले. गेरहार्ट माय या जर्मन अभ्यासकाने (1978) हा सिद्धांत ज्ञानवादी (ग्नॉस्टिक) पंथ व प्लेटोमत यांच्याशी झालेल्या वादातून दुसऱ्या शतकात घडला असे दाखविले. त्याला विरोध झाला असला, तरी त्याची मांडणी अद्याप बाजूला सारता आलेली नाही.

सहा दिवसांचा अर्थ लावण्यातही आरंभापासून एकवाक्यता नव्हती. सूर्यच नसताना पहिले तीन दिवस कसे झाले, असा प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडित ऑरिजेनने तिसऱ्या शतकात विचारला व तो भाग रूपकात्मक मानला. चौथ्या शतकातील बिशप बेसिलचा कल शब्दशः अर्थाकडे होता. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील थोर धर्मपंडित ऑगस्टीनने सु. 401 ते 415 या काळात ‘उत्पत्ती’च्या शब्दार्थावर भाष्य लिहिले आणि देवाने सर्व काही एका क्षणात निर्माण केले, पुष्कळ वस्तू बीजरूपात ठेवल्या व त्या काळाच्या ओघात प्रकट झाल्या, असे प्रतिपादन केले. यात उत्क्रांतिवाद शोधणे चुकीचे आहे. एका जातीतून दुसरी जाती निर्माण होण्याची कल्पना तेथे नाही. ज्या गोष्टी निरीक्षणाने व तर्काने सिद्ध आहेत त्यांविषयी ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन अज्ञानाने बोलू नये, कारण त्यामुळे बायबलच हास्यास्पद ठरते, हा त्याचा इशारा मात्र पुढील सर्व चर्चेत पुनःपुन्हा आधारासाठी घेतला गेला.

मराठीत हा वृत्तांत विस्ताराने प्रथम आला तो गोव्यात. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीची निर्मिती व आदिमानवांचे पतन ही कथा येते. पुराणग्रंथांतील सृष्टिवर्णनाशी परिचित असलेल्या श्रोत्यांसाठी ओवीची ही निवड नेमकी होती.

कालगणना : सृष्टीचे वय ठरविण्याचा प्रयत्न ‘उत्पत्ती’च्या पाचव्या व अकराव्या अध्यायांतील वंशावळींवर आधारलेला आहे. प्रत्येक पूर्वजाला पुत्र झाला तेव्हाचे वय तेथे दिले असल्याने बेरीज करता येते. पण पाठभेदांमुळे बेरीज एक येत नाही. परंपरागत हिब्रू पाठात शेथ जन्मला तेव्हा आदाम 130 वर्षांचा, तर सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात 230 वर्षांचा आहे. शेथ 105 व 205, अनोश 90 व 190, असा शंभर-शंभर वर्षांचा फरक पुढेही पडत जातो. परिणामी आदामापासून जलप्रलयापर्यंतचा काळ हिब्रू पाठात 1656 वर्षे, शोमरोनी (समॅरिटन) पंथाने जपलेल्या पाठात 1307 वर्षे, तर ग्रीक पाठाच्या हस्तलिखितांनुसार 2242 किंवा 2262 वर्षे भरतो. ग्रीक पाठातील या दोन आकड्यांमागे एक जुनी अडचण आहे. काही हस्तलिखितांत मथुशलहाला 167 व्या वर्षी पुत्र झाला असे असून त्याचे एकूण आयुष्य 969 वर्षे आहे. त्या हिशेबाने तो प्रलयानंतर 14 वर्षे जगतो, जरी नोहाच्या नौकेत त्याचा समावेश नव्हता. ऑगस्टीनला हा घोळ ठाऊक होता व त्याने तो नकलकारांच्या चुकीने घडला असे मानून हिब्रू पाठाला झुकते माप दिले. हिब्रू पाठात 167 ऐवजी 187 आहे आणि मथुशलह नेमका प्रलयाच्याच वर्षी मरतो. शोमरोनी पाठात तर यारेद, मथुशलह व लामेख हे तिघेही त्या एकाच वर्षी मरतात. हे आकडे कोणीतरी जाणीवपूर्वक जुळविलेले असावेत, असाच निष्कर्ष यातून निघतो.

ग्रीक पाठावर आधारलेल्या बायझंटिन शकात सृष्टीचा आरंभ इ.स.पू. 5509 मानला जाई. रशियात हा शक पीटर द ग्रेटने 1700 मध्ये बंद करीपर्यंत चालू होता. ज्यू परंपरेतील वर्ष इ.स.पू. 3761 आहे, तर बीड या इंग्रज मठवासी विद्वानाने आठव्या शतकात इ.स.पू. 3952 काढले होते. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध तारीख आयर्लंडमधील आर्माचा आर्चबिशप जेम्स अशर याची. त्याने 1650 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन इतिहासग्रंथात इ.स.पू. 4004 च्या 23 ऑक्टोबरच्या आदल्या रात्री सृष्टीचा आरंभ झाला असे गणित मांडले. अशरने केवळ वंशावळींची बेरीज केली, हा समज बरोबर नाही. वंशावळी अब्राहामाच्या आसपास संपतात. पुढे इस्राएलच्या राजांच्या कारकिर्दी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याचा मृत्यू (इ.स.पू. 562) हा दुवा पकडून त्याने बायबलचा काल खाल्डियन (बाबिलोनी) व ग्रीक इतिहासाशी जोडला. ऑक्टोबर महिना शरद संपातावरून व त्या तारखेचा रविवार हा वार सृष्टीच्या पहिल्या दिवसावरून आला. सकाळी नऊची वेळ अशरच्या नावावर सांगितली जाते, पण ती त्याच्या ग्रंथात नाही. तिचा संबंध त्याचा समकालीन जॉन लाइटफूट याच्याशी आहे. 1701 पासून इंग्रजी बायबलच्या समासात अशरच्या परंपरेतील वर्षे छापली जाऊ लागली आणि सामान्य वाचकाला ती शास्त्रवचनाइतकीच प्रमाण वाटू लागली. एका विद्वानाचा हिशेब अशा रीतीने धर्मश्रद्धेचा भाग बनला.

भूविज्ञान व डार्विन : पृथ्वी अतिप्राचीन आहे हे 1859 पूर्वीच बहुतेक सुशिक्षित ख्रिस्ती लोकांनी स्वीकारले होते, आणि ते सिद्ध करणाऱ्यांत विल्यम बकलंड व अॅडम सेजविक यांसारखे दीक्षित धर्मगुरू होते. सर्व गाळ एकाच जलप्रलयाने साचला हे मत सेजविकने 1831 मध्ये जाहीरपणे मागे घेतले. मेळ घालण्याचे दोन मार्ग रूढ झाले. टॉमस चामर्स याने ‘उत्पत्ती’च्या पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान दीर्घ कालखंड मानला, तर ह्यू मिलर प्रभृतींनी प्रत्येक दिवस म्हणजे एक युग असा अर्थ केला.

जीवजातींच्या उत्पत्तीवरील डार्विनच्या ग्रंथावरील (24 नोव्हेंबर 1859) प्रतिक्रिया त्यामुळे पृथ्वीच्या वयाभोवती नव्हे, तर निर्मितीमागील हेतू, दुःख आणि मानवाचे स्थान यांभोवती फिरल्या. बिशप विल्बरफोर्स व डार्विनचा समर्थक जीवशास्त्रज्ञ हक्सली यांच्यातील ऑक्सफर्डच्या खटक्याची (30 जून 1860) प्रचलित कथा बऱ्याच अंशी नंतरच्या आठवणींवर रचलेली आहे. धर्मगुरू चार्ल्स किंग्जलीने दिलेली अनुकूल दाद डार्विनने पुढील आवृत्तीत समाविष्ट केली. अमेरिकेतील निष्ठावान ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे त्याचा खंदा पाठीराखा होता. ग्रेला लिहिलेल्या 1860 च्या पत्रात डार्विनने सुरवंटाच्या जिवंत देहात आपल्या अळ्या वाढविणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीचे उदाहरण देऊन दयाळू देवाच्या योजनेविषयी शंका व्यक्त केली. या प्रश्नाची धार आजही कमी झालेली नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टनचा धर्मपंडित चार्ल्स हॉज याने 1874 मध्ये डार्विनमताला नास्तिकता ठरविले, तर त्याच परंपरेतील बी. बी. वॉरफील्डला बायबल निर्दोष मानूनही उत्क्रांतीला जागा दिसली. उत्क्रांतीच्या बाजूने 1884 मध्ये व्याख्याने देणारा फ्रेडरिक टेंपल पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

अमेरिकेतील नवसृष्टिवाद : ख्रिस्ती मूलतत्त्ववादाला नाव देणाऱ्या 1910–15 मधील पुस्तिकांतही प्राचीन पृथ्वी मानणारे लेखक होते. टेनेसी राज्यातील डेटन येथे जुलै 1925 मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला, तेव्हा फिर्यादी पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत सृष्टीचे दिवस 24 तासांचेच होते असे आपण मानीत नसल्याची कबुली दिली. पृथ्वी अलीकडची, म्हणजे काही हजार वर्षांचीच मानून जीवाश्मांचा उलगडा जलप्रलयाने करणारा विचार त्या वेळी मुख्यतः सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथापुरता होता. त्या पंथाच्या एलन व्हाइट यांच्या 1864 मधील लेखनाचा आधार घेऊन जॉर्ज मॅक्रेडी प्राइस याने 1923 मध्ये ‘नवे भूविज्ञान’ मांडले. जॉन व्हिटकम हा धर्मपंडित व हेन्री मॉरिस हा जलशास्त्रज्ञ अभियंता यांनी 1961 मध्ये तेच विचार सर्व पंथांपुढे ठेवले; प्राइसचे ऋण मात्र ठळक केले नाही. रोनाल्ड नंबर्स या इतिहासकाराची ही उपपत्ती आहे. जॉन वुडवर्ड (1695) आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही ब्रिटिश लेखकांनी जलप्रलयाचे भूविज्ञान आधीच मांडले होते, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. तो खरा असला, तरी ती धारा 1850 नंतर जवळजवळ आटली होती. नंबर्सची उपपत्तीच अधिक पटते.

पुढील लढा शाळांतून व न्यायालयांतून झाला. आर्कान्सा राज्याचा ‘सृष्टिविज्ञान’, म्हणजे देवाकृत निर्मिती हेच विज्ञान म्हणून, शिकविण्याचा कायदा 1982 मध्ये रद्द झाला. तो दावा लावणाऱ्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल व कॅथलिक धर्माधिकारी अग्रभागी होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लुइझिआनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये घटनाबाह्य ठरविला. जीवांच्या रचनेमागे बुद्धिमान कर्ता मानणारे ‘बुद्धिमान योजना’ हे मत पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात (2005) धर्ममतच ठरले.

कॅथलिक भूमिका व आदामाचा प्रश्न : रोमने डार्विनचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच घातला नाही, जॉन झाम या धर्मगुरूच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाविरुद्धचा 1898 चा निर्णयही जाहीर केला नाही. पोप बाराव्या पायसने 12 ऑगस्ट 1950 च्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मुभा दिली. आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो असे बजावले. पोप दुसऱ्या जॉन पॉलने 22 ऑक्टोबर 1996 रोजी उत्क्रांतिवाद हा आता निव्वळ गृहीतक राहिला नसल्याचे म्हटले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये असा केंद्रीय निर्णय नाही. विसाव्या शतकातील अग्रगण्य आनुवंशिकीविज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की त्याच परंपरेतील होता.

खरी धर्मशास्त्रीय अडचण दिवसांची नसून आदामाची आहे. एका मनुष्याच्या द्वारे पाप व पापामुळे मरण जगात आले, असे पौल रोमकरांस पत्रात (5:12) म्हणतो. ऑगस्टीनने त्यावर मूळ पापाचा सिद्धांत उभारला व तारणाची कल्पना त्याच्याशी जोडली गेली. जीवाश्म तर मानवापूर्वी कोट्यवधी वर्षे मरण होते असे दाखवितात आणि आनुवंशिकीनुसार मानववंश एका जोडप्यापासून नव्हे, तर हजारोंच्या समूहातून आला. काही विचारवंत आदामाला समूहाचा प्रतिनिधी मानतात, काही प्रत्येक माणसाचे प्रतीक. शब्दशः इतिहासाचा आग्रह धरणारेही पुष्कळ आहेत. अनेक आदिजोडपी मानणारे मत मूळ पापाच्या सिद्धांताशी कसे जुळते ते दिसत नाही, असे 1950 चे परिपत्रक सांगते. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने 2004 मध्ये, योझेफ रॅत्सिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) अध्यक्ष असताना, मानवजात सु. 1,50,000 वर्षांपूर्वी आफ्रिकेत समान आनुवंशिक वारशाच्या एका मानवसदृश समूहातून उदय पावल्याचा पुरावा पटण्याजोगा असल्याचे नमूद केले. 1950 च्या परिपत्रकातील विधान मात्र अधिकृतपणे मागे घेतलेले नाही.