जुन्या आयात फोर-बाय-फोर गाड्यांचे सुटे भाग परदेशातून मागवणे : पात्रता, कागदपत्रे आणि सीमाशुल्क प्रक्रिया

टोयोटाच्या ४० मालिकेतील लँड क्रूझरचे उत्पादन १९८४ मध्ये थांबले आणि लँड रोव्हरची मूळ डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. तरीही या गाड्यांचे बरेच भाग आजही मिळतात. काही भाग मूळ पुरवठादार अजून तयार करतात, काही जुन्या साठ्यातून निघतात, तर काही कंपनीच पुन्हा बनवू लागली आहे. टोयोटाने ४० मालिकेसाठी असा उपक्रम २०२१ मध्ये जाहीर केला होता. त्यामुळे भाग शोधणे हे काम वाटते तितके अवघड राहिलेले नाही. खोळंबा होतो तो सीमाशुल्क तपासणीत, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा बीजकावर लिहिलेल्या ‘ऑटो पार्ट्स’ अशा मोघम दोन शब्दांत असते. म्हणून विक्रेत्याला पैसे पाठवण्यापूर्वीच कागदपत्रांची जुळणी करावी.

गाडीची आणि भागाची ओळख

सतरा अक्षरांचा प्रमाणित वाहन ओळख क्रमांक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत, त्यामुळे नक्कल करताना शून्याच्या जागी ओ लिहिला गेला असेल तर तो क्रमांक चुकीचाच समजावा. त्याआधीच्या गाड्यांवर आखूड चासी क्रमांक असतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाड्यांवर त्यानंतरही मॉडेलचा संकेत आणि अनुक्रमांक एवढेच आढळते. अशा गाडीसाठी ऑनलाइन अर्जात सतरा रकाने सक्तीचे असतील, तर शून्ये भरून रकाने पूर्ण न करता संबंधित कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे.

एकाच मॉडेलचे सुटे भाग बाजारपेठेनुसार बदलतात, कारण उजव्या आणि डाव्या हाताच्या सुकाणूसाठी स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकच्या नळ्या, पेडल आणि कधीकधी एक्झॉस्टसुद्धा वेगळा असतो. त्यासाठी निर्मात्याच्या कॅटलॉगमध्ये गाडीचा संपूर्ण मॉडेल संकेत आणि उत्पादनाचा महिना टाकूनच भागाचा क्रमांक काढावा. जुना क्रमांक रद्द होऊन नवा लागू झालेला असेल तर दोन्ही क्रमांक बीजकावर छापून घ्यावेत, कारण डब्यावर एक आणि कागदावर दुसरा क्रमांक दिसला की तपासणी अधिकाऱ्याला माल वेगळा असल्याची शंका येणे स्वाभाविक आहे.

इंजिन ब्लॉक आणि चासी यांची गोष्ट निराळी आहे. हे क्रमांकित भाग असल्याने ते चोरीच्या गाडीतले नाहीत याचा पुरावा, म्हणजे मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचे प्रमाणपत्र आणि विक्रेत्याचे मालकीपत्र, मागितला जाऊ शकतो. बदललेले इंजिन किंवा चासी नोंदणीपत्रावर चढवण्यासाठी वाहन नोंदणी कार्यालयाची स्वतंत्र मंजुरी लागते आणि ती माल मागवण्याआधी घेणे शहाणपणाचे ठरते. हाफ-कट या नावाने विकली जाणारी, पुढून कापलेली अर्धी गाडी घेताना तर विशेष सावध राहावे. सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण करण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, अपूर्ण किंवा सुट्या स्वरूपातील वस्तूत पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप दिसत असेल, तर ती पूर्ण वस्तूच मानली जाते. म्हणजे चासी, बॉडी, इंजिन आणि ॲक्सल एकाच मालात आले तर सुट्या भागांऐवजी संपूर्ण मोटारीचा दर आणि मोटारीच्या आयातीचे सगळे निर्बंध लागू होण्याची शक्यता असते.

पात्रता आणि निर्बंध

वैयक्तिक वापरासाठी मर्यादित भाग मागवणाऱ्या व्यक्तीला सहसा ओळखपत्र आणि गाडीचे नोंदणीपत्र पुरेसे असते, तर विक्रीसाठी किंवा गॅरेजसाठी मागवणाऱ्याला आयातदार म्हणून नोंदणी करावी लागते. एकाच गाडीच्या मालकाच्या नावावर आठ रेडिएटर आले, तर ते वैयक्तिक वापराचे आहेत हे पटवून देणे कठीण जाईल.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरी अडचण साहित्याची असते. अनेक देशांत ॲस्बेस्टॉस असलेल्या वस्तूंच्या आयातीवर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या साठ्यातील ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट तसेच हेड व एक्झॉस्ट गॅस्केट यांत ते असू शकते. डबा मूळ कंपनीचा आणि न उघडलेला आहे ही संग्राहकाला आनंदाची बाब असली, तरी इथे तीच जोखीम ठरते. अशा भागांसाठी निर्मात्याचे ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचे घोषणापत्र किंवा प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा, आणि तो मिळत नसेल तर नव्याने बनवलेला भाग घ्यावा. आर-१२ या ओझोन थराला घातक शीतक वायूवर चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रणेचे भाग रिकामे असल्याची लेखी खात्री घ्यावी, कारण १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हा वायू नियंत्रित आहे.

वापरलेले भाग माती, गवताच्या बिया आणि तेल यांपासून पूर्णपणे स्वच्छ असावेत. आडवाटेवर चाललेल्या गाडीचे ॲक्सल किंवा चाकाचे आर्च चिखलासह पाठवले, तर वनस्पती संरक्षण विभाग तो माल अडवून मालकाच्या खर्चाने धुवून घेऊ शकतो किंवा परत पाठवू शकतो. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा. इंधनाचा पंप, कार्ब्युरेटर आणि टाकी यांत इंधनाचा अंश राहिला तर विमान कंपनी माल नाकारते. एअरबॅग, ॲसिडने भरलेली बॅटरी आणि वायूचा दाब असलेले शॉक ॲब्सॉर्बर धोकादायक मालाच्या नियमांत येऊ शकतात, म्हणून ते वेगळ्या खोक्यात आणि वेगळ्या नोंदीखाली पाठवावेत.

दिवे आणि काचा यांवर मान्यतेची खूण असावी लागते. वर्तुळातील ‘ई’ आणि त्यापुढील देशाचा अंक ही संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारानुसारची खूण आहे. हेडलाइट मात्र उजव्या किंवा डाव्या बाजूच्या रहदारीनुसार वेगळा असतो, हे खूण असूनही तपासावे.

वर्गीकरण : इथे घाई करू नये

सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण यादीत प्रत्येक प्रकारच्या मालाला चार अंकी शीर्षक आणि सहा अंकी उपशीर्षक असते, आणि त्यावरून शुल्काचा दर ठरतो. मोटारीचा प्रत्येक भाग ८७०८ या शीर्षकात जातो हा समज चुकीचा आहे. ब्रेक ८७०८.३०, गिअरबॉक्स ८७०८.४०, डिफरन्शियलसह ड्राइव्ह ॲक्सल ८७०८.५०, सस्पेन्शन ८७०८.८०, रेडिएटर ८७०८.९१ आणि क्लच ८७०८.९३ या उपशीर्षकांत येतात. परंतु पिस्टन व इंजिनचे इतर अनेक भाग ८४०९ मध्ये, क्रँकशाफ्ट ८४८३ मध्ये, बेअरिंग ८४८२ मध्ये, ऑइल फिल्टर ८४२१ मध्ये, गॅस्केटचे संच ८४८४ मध्ये, रबरी सील ४०१६ मध्ये, स्टार्टर आणि अल्टरनेटर ८५११ मध्ये, दिवे ८५१२ मध्ये, स्पीडोमीटर ९०२९ मध्ये आणि सीट ९४०१ मध्ये जातात. साधे नटबोल्ट ‘गाडीसाठी खास’ म्हणून विकले तरी ते नटबोल्टच राहतात आणि त्यांचे शीर्षक धातूनुसार ठरते. किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेल्या व्हील बेअरिंग किटमध्ये बेअरिंग, सील आणि वॉशर असे तिन्ही असतील, तर संचाला मूलभूत स्वरूप देणाऱ्या घटकानुसार, म्हणजे सहसा बेअरिंगनुसार, वर्गीकरण होते.

पहिले सहा अंक आंतरराष्ट्रीय असतात, पुढचे अंक आणि दर प्रत्येक देशाचे वेगळे असतात. महागड्या भागाबद्दल शंका असल्यास आगाऊ निर्णयासाठी, म्हणजे माल येण्यापूर्वीच सीमाशुल्क विभागाकडून त्याचे वर्गीकरण ठरवून घेण्यासाठी, अर्ज करावा. २०१७ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात या सोयीची तरतूद आहे. अर्जासोबत भागाचे छायाचित्र, क्रमांक, कार्य, साहित्य आणि कॅटलॉगमधील आकृती जोडावी.

कागदपत्रे आणि मूल्य

मूळ संचात व्यापारी बीजक, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल (विमान वाहतुकीची पावती) किंवा बिल ऑफ लेडिंग (जहाज वाहतुकीची पावती), पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, नोंदणीपत्राची प्रत आणि सीमाशुल्क दलाल नेमला असल्यास त्याला दिलेले प्राधिकारपत्र यांचा समावेश होतो. टपालाने येणाऱ्या पार्सलवर सीएन-२२ किंवा जास्त मूल्यासाठी सीएन-२३ घोषणापत्र असते. बीजकाच्या प्रत्येक ओळीत भागाचे नाव, क्रमांक, नवा की वापरलेला, साहित्य, नग, दर आणि उगम देश लिहिलेला असावा. उगम म्हणजे जिथे भाग बनला तो देश. जपानी भाग दुबईच्या व्यापाऱ्याकडून घेतला तरी त्याचा उगम जपानच राहतो. व्यापार करारातील सवलत हवी असेल तर उगमाचा पुरावा आणि बहुधा थेट वाहतुकीची अट पूर्ण करावी लागते, आणि तिसऱ्या देशातील गोदामातून आलेला माल नेमका इथेच अडतो.

शुल्क प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर मोजले जाते. बहुतेक देश त्यात वाहतूक व विमा मिळवतात. ओळखीच्या विक्रेत्याने ‘भेट’ लिहून किंमत कमी दाखवतो असे सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा, कारण खोट्या घोषणेची जबाबदारी आयातदारावर येते आणि माल हरवल्यास विमाही त्याच खोट्या किमतीपुरता मिळतो. इंजेक्शन पंप किंवा स्टिअरिंग बॉक्ससारखे पुनर्बांधणी केलेले भाग जुना भाग परत करण्याच्या अटीवर विकले जातात. त्यासाठी घेतलेली अनामत बीजकावर वेगळी दाखवावी. स्वतःचाच पंप दुरुस्तीसाठी पाठवून परत आणायचा असेल, तर पाठवण्यापूर्वी तात्पुरत्या निर्यातीची नोंद करून घ्यावी. पंपाचा अनुक्रमांक त्या नोंदीत असेल तरच परत येताना केवळ दुरुस्तीच्या खर्चावर आणि वाहतुकीवर शुल्क लावण्याची मागणी करता येते.

माल पोहोचण्यापूर्वी घोषणापत्र दाखल केले आणि शंकांना ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले, तर गोदामाचे विलंबशुल्क टळते. भाग चुकीचा निघाल्यास तो गाडीला बसवून पाहू नये. न वापरलेल्या स्थितीत, मूळ वेष्टनासह आणि सीमाशुल्काच्या देखरेखीखाली परत पाठवल्यास भरलेल्या शुल्काच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. त्याला आयात घोषणापत्र, शुल्काची पावती, विक्रेत्याने चूक मान्य केल्याचे पत्र आणि निर्यातीची नोंद जोडावी लागते.