दाढदुखीची गोळी दाढेत पोहोचते का?

हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातला कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरट लगदा खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहिले. लगद्यात व्हिनेगर मिसळलं की ते मरत. पण व्हिनेगरने चूळ भरली, तर आतले जिवंतच राहत. व्हिनेगर लगद्याच्या थराच्या आत शिरतच नाही, असं त्याने तेव्हाच ओळखलं.

आज तो थर ‘बायोफिल्म’ म्हणून ओळखला जातो. माणसांच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यातल्या कित्येक स्वतःच तयार केलेल्या चिकट लगद्यात दाटीने राहतात. तळातल्यांना खायला कमी, म्हणून ते जवळजवळ झोपलेले असतात. अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक, म्हणजे जिवाणू मारणारी औषधं जिवाणूची नवी भिंत बांधण्याचं काम बिघडवतात. जो बांधकामच करत नाही, त्याचं काय बिघडणार? शिवाय प्रिव्होटेला या गटातले काही जिवाणू हे औषध तोडणारं विकर सोडतात आणि त्याच्या आडोशाने शेजारीही वाचतात. दाटीत जनुकांची देवघेवही चालते. न्यूमोनियाच्या जिवाणूला पेनिसिलिनला दाद न देण्याची युक्ती मिळाली, ती बरीचशी तोंडा-घशातल्या निरुपद्रवी भाऊबंदांकडून.

आता दाढदुखी. रात्री ठणका लागला की सकाळी मेडिकलमधून ‘मागच्या वेळची’ अँटिबायोटिकची स्ट्रिप आणायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पण गोळीतलं औषध रक्तातून फिरतं, आणि कीड आतपर्यंत जाऊन दाताचा गाभा मेला की तिथला रक्तपुरवठाच संपतो. जिवाणू बसलेत त्या पोकळीत औषध जाणार कोणत्या वाटेने? ठणका थांबतो तो कित्येकदा आतली नस मेल्यामुळे, आणि श्रेय गोळीला मिळतं. दरम्यान गोळी आतड्यांत, घशात, हिरड्यांवर आपलं काम करते आणि तिथे तिला न जुमानणारेच उरतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं, की प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये. रूट कॅनॉल करावं, पू काढून टाकावा किंवा दात काढावा. ताप आला, सूज गालावर-गळ्याकडे पसरू लागली, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा औषध हवंच, आणि तेही लगेच.

असाच बुळबुळीत थर दवाखान्यातही असतो, दाताच्या खुर्चीला पाणी पुरवणाऱ्या बारीक नळ्यांत. रात्रभर पाणी साचतं, नळीच्या भिंतीवर जिवाणू घर करतात. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये एका दवाखान्यात दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या ७० च्या आसपास मुलांना मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जिवाणूचा संसर्ग झाला. काहींच्या जबड्याच्या हाडापर्यंत तो पोहोचला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हा जिवाणू कुणाच्या गोळ्यांमुळे हट्टी झालेला नाही. तो माती-पाण्यातला, आणि मुळातच बहुतेक औषधांना न जुमानणारा आहे.

सकाळी नळ्यांतून दोन मिनिटं पाणी सोडलं की सुटे जिवाणू वाहून जातात. थर तसाच राहतो. त्यासाठी नळ्यांत जंतुनाशक फिरवावं लागतं आणि पाणी तपासत राहावं लागतं. साध्या उपचारांसाठी अमेरिकेतली मर्यादा आहे एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ५०० जिवाणू. शस्त्रक्रियेला मात्र ते पाणी चालतच नाही, निर्जंतुक सलाइन किंवा निर्जंतुक पाणीच लागतं.