बिब्ब्यापासून ‘तीनपैकी दोन’पर्यंत : त्वचेच्या अ‍ॅलर्जीची परीक्षा

बिब्बा उतणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेलाचा थेंब लागला की अंगावर फोड उठतात, खाज सुटते. काहींच्या शरीराने ते तेल एकदा ओळखलं की पुढे जरासा स्पर्शही पुरतो. केसांच्या कलपातलं पॅराफिनिलीनडायमिनही त्वचेला असंच बाधतं. नवं रसायन बाजारात येण्याआधी ते असं उतेल का, हे ठरवायचं कसं, हा प्रश्न जुना आहे.

बराच काळ त्याचं उत्तर गिनिपिग देत. मॅग्नुसन आणि क्लिगमन यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रसायन प्राण्याच्या कातडीत टोचत आणि काही दिवसांनी पुन्हा लावून लाली किती आली ते डोळ्यांनी पाहत. पुढे उंदराच्या कानावर रसायन लावून जवळच्या लसिका ग्रंथीतल्या पेशी किती वाढल्या हे मोजणारी चाचणी आली. रसायनांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय दर्जे ठरवणाऱ्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ती 2002 मध्ये स्वीकारली. डोळ्यांच्या अंदाजाऐवजी आकडा मिळू लागला. प्राणी मात्र लागतच होते.

मग युरोपने मुदत घातली. 2003 मध्ये कायदा बदलला आणि 11 मार्च 2013 पासून प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं तिथे विकायला बंदी आली. बंदीचं हे वेळापत्रक नसतं तर पर्यायांच्या शोधाला एवढी गती आली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण वेगळीच होती. अ‍ॅलर्जी एका फटक्यात होत नाही. रसायन आधी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, मग वरच्या थरातल्या पेशी बिथरतात, मग पहारेकरी असलेल्या डेन्ड्रिटिक पेशी जाग्या होतात आणि शेवटी रोगप्रतिकारक टी पेशींची फौज वाढते. ओईसीडीने 2012 मध्ये ही चार पायऱ्यांची साखळी लिहून काढली, आणि प्रत्येक पायरीसाठी वेगळी चाचणी शोधायची वाट मोकळी झाली. पहिलीसाठी रसायन छोट्या पेप्टाइडांमध्ये, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांमध्ये, मिसळून किती पेप्टाइड उरलं ते पाहतात. दुसरीसाठी त्वचेच्या पेशीत असं जनुक बसवलेलं असतं, की पेशी बिथरली तर ते जागं होऊन प्रकाश देणारं प्रथिन तयार करतं. तिसरीसाठी मानवी रक्तपेशींच्या एका वंशावर उमटणाऱ्या दोन खुणा मोजतात. 2015 आणि 2016 मध्ये या तिन्हींना मान्यता मिळाली.

पण एकटी कुठलीच पुरेशी नव्हती. पेप्टाइडांच्या नळीत यकृत किंवा त्वचेतली विकरं नसतात, त्यामुळे शरीरात गेल्यावरच जहाल होणारं रसायन तिथे निरुपद्रवी ठरू शकतं. पाण्यात नीट न विरघळणारे पदार्थ पेशींच्या चाचणीत चकवतात. म्हणून निकाल एकत्र ठेवून पाहणं आलं, आणि खरा वाद इथेच होता. एकत्र ठेवायचे, पण वजन कुणाला किती द्यायचं? तज्ज्ञाच्या मतावर सोडलं तर एकाच रसायनाबद्दल दोन देशांत दोन निर्णय होऊ शकतात.

जून 2021 मध्ये ओईसीडीने मार्गदर्शिका 497 स्वीकारली ती यासाठीच. निकाल कसे जोडायचे, हा नियम तिने आधीच बांधून टाकला. सगळ्यात सोपा नियम ‘तीनपैकी दोन’ : दोन चाचण्या एकमताच्या असतील तर तोच निर्णय, नसतील तर तिसरी करायची. दुसऱ्या प्रकारात दोन चाचण्यांना आणि संगणकाच्या भाकिताला गुण देऊन बेरीज करतात, त्यातून रसायन किती तीव्र आहे हेही कळतं. माणसांवरच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं तेव्हा या जोडण्या उंदरांच्या चाचणीपेक्षा मागे पडल्या नाहीत.

भारताशी याचा संबंध थेट आहे. 2011 पासून आपण ओईसीडीच्या परस्पर माहिती-स्वीकृतीच्या करारात आहोत, म्हणजे त्या दर्जाने इथल्या प्रयोगशाळेत झालेली चाचणी इतर सदस्य देशांत पुन्हा करावी लागत नाही. 2014 मध्ये प्राण्यांवर प्रसाधनं तपासण्यावर आपणही बंदी घातली.

497 मधली एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते. निकाल सीमारेषेवर पडला तर ओढूनताणून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘निष्कर्ष निघत नाही’ असंच नोंदवायचं. मग आणखी पुरावा शोधावा लागतो.