चोंग छांग-ह्वा

दक्षिण कोरियाचे चित्रपट दिग्दर्शक. जन्म १९२८. हाँगकाँगचा कुंग फू चित्रपट अमेरिकेतील सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ज्या चित्रपटाने पोहोचवला, त्याचे दिग्दर्शक चिनी नव्हे, तर कोरियन होते, ही गोष्ट आजही अनेकांच्या लक्षात येत नाही.

दिग्दर्शक छोई इन-ग्यू यांच्या हाताखाली उमेदवारी करून चोंग यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे दिग्दर्शनास प्रारंभ केला. कोरियन युद्धानंतरच्या त्या काळात तेथे कौटुंबिक शोकनाट्यांना मोठी मागणी होती. चोंग यांचा ओढा मात्र हाणामारीच्या व साहसाच्या कथांकडे राहिला. ‘जिप्योंगसन’ (१९६१, अर्थ ‘क्षितिज’) या चित्रपटामुळे मांचुरियाच्या (ईशान्य चीन) मोकळ्या मैदानांत घडणाऱ्या कोरियन साहसपटांची वाट रुळली. पुढे जगभर मान्यता पावलेले दिग्दर्शक इम क्वोन-थेक यांचीही उमेदवारी त्यांच्याच हाताखाली झाली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. तेथे काढलेल्या चित्रपटांपैकी ‘किंग बॉक्सर’ (१९७२) हा निःसंशय सर्वांत महत्त्वाचा होय. लो लिए यांनी साकारलेला यातील नायक प्रतिस्पर्ध्यांनी हात ठेचल्यावर पुन्हा उभा राहतो आणि ‘लोहहस्त’ विद्येच्या बळावर सूड घेतो. ही विद्या प्रकट होताना त्याचे तळवे लाल तेजाने उजळतात आणि भोंग्यासारखा कर्कश सूर घुमतो. हा सूर क्विन्सी जोन्स यांनी एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचलेल्या संगीतातून उचलला होता. प्रहारापूर्वीचा क्षण ताणून धरायचा आणि मग तो झटक्यात सोडायचा, ही चोंग यांची हातोटी येथे सर्वाधिक प्रभावी ठरली आहे. वॉर्नर ब्रदर्सने १९७३ च्या वसंत ऋतूत हा चित्रपट ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने अमेरिकेत प्रदर्शित केला आणि तेथे त्याला उदंड प्रतिसाद मिळाला. ब्रूस ली यांचा ‘एंटर द ड्रॅगन’ तेथे आला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

त्यानंतर चोंग गोल्डन हार्वेस्ट या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. तेथील ‘द स्कायहॉक’ (१९७४) आणि अँजेला माओ यांची प्रमुख भूमिका असलेला ‘ब्रोकन ओथ’ (१९७७) हे चित्रपट उल्लेखनीय आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोरियात परतल्यावर ते निर्मितीकडे वळले. मायदेशात त्यांच्या कार्याची पुरेशी दखल उशिराच घेतली गेली. बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने २००३ मध्ये त्यांच्या चित्रपटांचे सिंहावलोकन आयोजित केले. त्याच वर्षी क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘किल बिल’मध्ये तोच भोंग्याचा सूर पुन्हा ऐकू आला.