ब-न-य धातूची तीन रूपे

जेरुसलेमचे मंदिर पुन्हा बांधल्याची हकीकत बायबलमधील ‘एज्रा’ या पुस्तकात दोन भाषांत आली आहे. पुस्तकाचा बहुतेक भाग हिब्रूत आहे, पण ४:८ ते ६:१८ हा मजकूर हिब्रूच्या भगिनीभाषेत, अरामीत आहे. त्यामुळे ‘बांधायला’ हा एकच अर्थ पहिल्या अध्यायात ‘लिव्नोत’ आणि पाचव्या अध्यायात ‘लमिव्ने’ अशा रूपांत वाचायला मिळतो. दोन्हींत ब-न-य हाच धातू आहे (स्वरानंतरच्या ‘ब’चा येथे ‘व’ होतो) आणि हेतू दाखवणारा आरंभीचा ‘ल’ही दोन्हींत आहे. अरामीने मात्र त्या ‘ल’ला लागून एक ‘म’ जोडला आहे.

हा ‘म’ अरामीत आरंभापासून पक्का नसावा, असे मानायला चांगला आधार आहे. एज्राच्या ५:२ मध्ये ‘लमिव्ने’ आहे, तर पुढच्याच वचनात तोच शब्द ‘लिब्बने’ असा, ‘म’विना येतो. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अरामी पत्रांत साध्या क्रियापदांना ‘म’ लागलेला दिसतो, पण कोणाचे म्हणणे उद्धृत करताना लिहिलेला ‘ल-अ-म-र’ हा शब्द त्याविनाच राहिला आहे. रोजच्या वापरात घट्ट बसलेल्या शब्दांनी जुने वळण असे जपून ठेवले, हे मला या सगळ्या तुलनेतील सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

तिसरी भगिनीभाषा अरबी; तीत यांच्या जोडीला ‘बिना’ (बांधणे) हा शब्द येतो, पण त्याची वागणूक वेगळी आहे. ‘मला लिहायचे आहे’ हे अरबीत बहुधा ‘उरीदु अन् अक्तुब’, म्हणजे ‘मी लिहावे असे मी इच्छितो’, असे सांगितले जाते. क्रियेचे नुसते नाव हवे असेल तेव्हा ‘मस्दर’ वापरतात, आणि मस्दर हे संपूर्ण नाम असून त्याला ‘अल्’ हे उपपदही लागते. साध्या धातूंचे मस्दर कोणत्या साच्यात पडेल हे बहुतेक वेळा कोशातच पाहावे लागते, साधित धातूंचे साचे मात्र ठरलेले असतात. तपशील, तालीम, इन्कार, इकरार, मुकाबला हे फारसीच्या वाटेने मराठीत आलेले शब्द अशाच ठरलेल्या साच्यांतील मस्दर आहेत. क्रियापद मस्दरापासून निघते की मस्दर क्रियापदापासून, यावर इराकमधील बसरा आणि कूफा या शहरांतील वैयाकरणांचा मोठा वाद झाला; बसराकरांनी मस्दरालाच मूळ मानले.

म्हणजे भगिनीभाषा असूनही या तिघींचे ‘-णे’ किंवा ‘-आयला’ एका साच्यातून आलेले नाही. तरीही क्रियेवर जोर देण्यासाठी त्याच धातूचे नामरूप क्रियापदाशेजारी ठेवण्याची लकब हिब्रू आणि अरबी या दोघींत आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २:१७ मध्ये ‘मोत तामूत’, म्हणजे ‘तू नक्कीच मरशील’, असे आहे. कुराणाच्या ४:१६४ मध्ये अल्लाह मूसाशी बोलला हे सांगताना ‘कल्लम’ या क्रियापदासोबत ‘तक्लीमा’ हे त्याचेच मस्दर येते. हिब्रूत असे रूप बहुधा क्रियापदाआधी येते, अरबीत नंतर. आधुनिक हिब्रूच्या रोजच्या बोलण्यातून ही रचना जवळपास गेली आहे, पण लिखित अरबीत ती आजही सर्रास वापरली जाते.