ब्राउझर जड झालाय? रॅम घेण्याआधी हे तपासा

‘कॉम्प्युटर हँग होतो, रॅम वाढवून द्या’ असं सांगून आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुष्कळदा रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) पुरेशी असते. ती खाल्लेली असते ब्राउझरने, आणि त्यातही ब्राउझरमध्ये एकावर एक चढवलेल्या एक्स्टेन्शननी, म्हणजे वरून बसवलेल्या छोट्या जोडण्यांनी. खालची तपासणी घरी किंवा दुकानात बसून करता येते, त्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही. सूचना विंडोजवरच्या क्रोमसाठी आहेत. एज क्रोमच्याच पायावर बांधलेला असल्यामुळे त्यातही बहुतेक गोष्टी सापडतील, फक्त नावं थोडी बदलतात. फायरफॉक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीत) क्रोमच्या नावाच्या वीस-पंचवीस ओळी दिसल्या की अनेकांना व्हायरसची शंका येते. तसं काही नसतं. एक पान कोसळलं तर बाकीची टिकावीत म्हणून क्रोम 2008 पासूनच पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागांमध्ये, चालवतो. 2018 मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी जाहीर झाली आणि क्रोम 67 पासून एका साइटला दुसरीच्या मेमरीपासून तोडून ठेवणं सुरू झालं. एकाच पानातल्या परक्या जाहिरातीच्या चौकटीलाही आता स्वतंत्र प्रोसेस मिळते. मेमरी त्यामुळे थोडी जास्त लागते, पण बँकेचं पान आणि शेजारच्या टॅबमधली भलतीसलती साइट यांच्यात भिंत राहते. ही भिंत काढून रॅम वाचवायच्या युक्त्या व्हिडिओंमधून सांगितल्या जातात. नेट बँकिंग करणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये.

8 जीबीपैकी 6 जीबी भरली आहे आणि मशीन सुरळीत चालतंय, तर काहीही करू नका. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते. त्रास सुरू होतो तो रॅम संपल्यावर, म्हणजे विंडोज तिच्यातला माल डिस्कवर हलवू लागतं तेव्हा. टॅब बदलला की पान पांढरं पडून राहतं, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’खाली 100 टक्के दिसतात. ही खूण दिसली तरच पुढे जा.

खाणारा कोण ते पाहा

क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. क्रोमच्या खिडकीत शिफ्ट दाबून एस्केप दाबा, किंवा तीन ठिपके, ‘मोअर टूल्स’, ‘टास्क मॅनेजर’ असं जा. ‘मेमरी फूटप्रिंट’ या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात मोठा आकडा वर येतो. ‘टॅब’ म्हणजे पान, ‘सबफ्रेम’ म्हणजे पानातली परकी चौकट, ‘एक्स्टेन्शन’ म्हणजे तुम्ही (किंवा घरातल्या कुणीतरी) बसवलेली जोडणी. ‘जीपीयू प्रोसेस’ (पडद्यावरचं चित्र रंगवणारी) फुगलेली असेल तर ती निवडून ‘एंड प्रोसेस’ करता येते, ती लगेच नव्याने सुरू होते. ‘ब्राउझर’ या ओळीला मात्र हात लावू नका, सगळंच बंद पडेल.

आता खरी मेख. एक्स्टेन्शनच्या ओळीत 40 एमबी दिसले म्हणून ते निर्दोष ठरत नाही. व्याकरण तपासणारी, कूपन शोधणारी, व्हिडिओ डाउनलोड करणारी एक्स्टेन्शन प्रत्येक उघड्या पानात आपला कोड घुसवतात, आणि त्या कोडची मेमरी त्या पानाच्या खात्यावर पडते. टॅब 25 असतील तर खर्च 25 वेळा होतो, पण एक्स्टेन्शनच्या नावावर दिसत नाही. म्हणून लोक साइटला दोष देतात आणि खरा खाणारा सुटतो.

तो पकडायचा असा: जड वाटणारं पान नेहमीच्या खिडकीत उघडून त्याचा आकडा लिहून घ्या. मग तेच पान इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडा, कारण तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. समजा नेहमीच्या खिडकीत 320 एमबी आणि इनकॉग्निटोत 190 एमबी आले, तर वरचे 130 बहुधा जोडण्यांचे. लॉगिन लागणाऱ्या साइटवर दोन्हीकडे लॉगिन करूनच तुलना करा. दोन्ही आकडे सारखेच निघाले, तर साइटच जड आहे. मग ते पान उघडून दहा मिनिटं हात न लावता ठेवा. आकडा चढतच राहिला तर पानाच्या कोडमध्ये गळती आहे. तुमच्या हातात एवढंच, की ते पान दिवसातून एक-दोनदा बंद करून पुन्हा उघडायचं.

फायरफॉक्समध्ये सगळी अ‍ॅड-ऑन (तिथे एक्स्टेन्शनना हेच नाव आहे) एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे तिथे एकेकाचा आकडा सहज मिळत नाही. ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूट मोड’ सुरू करा. त्यात अ‍ॅड-ऑन तात्पुरती बंद राहतात. फरक पडला तर दोषी त्यांच्यातलंच.

दोषी एक्स्टेन्शन नेमकं कोणतं

एकेक बंद करत बसू नका. बारा असतील तर सहा बंद करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, तेच पान तपासा. त्रास गेला तर दोषी बंद केलेल्या सहांत, राहिला तर चालू असलेल्या सहांत. मग त्या सहांचे पुन्हा दोन भाग. बारांतून एक शोधायला चार फेऱ्या पुरतात. दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या ठीक चालल्या आणि एकत्र बिघडल्या, तर दोन एक्स्टेन्शनची आपसात जुंपली आहे. हे बहुतेक दोन अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन) एकत्र ठेवल्याने होतं. एक ठेवा. चांगला असेल तर बातम्यांच्या साइटवर तो स्वतः खातो त्याहून जास्त मेमरी वाचवतो.

दोषी सापडला पण कामाचा आहे? एक्स्टेन्शनच्या यादीत त्याच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘साइट अ‍ॅक्सेस’ असतो, तिथे ‘ऑन क्लिक’ किंवा ठरावीक साइट निवडा. पीडीएफचं एक्स्टेन्शन सगळ्या साइट वाचत बसायचं काही कारण नाही. मराठी टायपिंगसाठी एक्स्टेन्शन ठेवलं असेल तर तेही काढता येईल: विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. ‘लँग्वेज’ सेटिंगमधून जोडा, तो वर्डमध्येही चालतो.

जुना अ‍ॅडब्लॉकर आपोआप बंद झाला असेल तर तो बिघाड नाही. क्रोमने ‘मॅनिफेस्ट व्ही2’ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली आहेत. युब्लॉक ओरिजिन या अ‍ॅडब्लॉकरची हलकी ‘लाइट’ आवृत्ती क्रोममध्ये चालते, पूर्ण आवृत्ती फायरफॉक्समध्ये. शोधताना नावात साधर्म्य असलेल्या नकला टाळा.

टॅब झोपवा, पण जपून

‘सेटिंग्ज’, ‘परफॉर्मन्स’, ‘मेमरी सेव्हर’ चालू करा आणि ‘बॅलन्स्ड’ ठेवा. काही वेळ न पाहिलेला टॅब मेमरीतून उतरवला जातो आणि क्लिक केल्यावर नव्याने लोड होतो. एजमध्ये याच कामासाठी ‘स्लीपिंग टॅब्ज’ आहे. अर्धवट भरलेला फॉर्म क्रोम सहसा झोपवत नाही, तरीही जीएसटी, आयकर, महाडीबीटी अशा साइट ‘ऑलवेज कीप दीज साइट्स अ‍ॅक्टिव्ह’ या यादीत घालाच. पोर्टलचा डाव आधीच नाजूक असतो.

या कामासाठी वेगळं एक्स्टेन्शन नको. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन मालकी बदलल्यानंतर संशयास्पद ठरलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने मालवेअरच्या कारणावरून ते काढून टाकलं.

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’मधला ‘कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स’ हा पर्याय बंद करा, नाहीतर खिडकी बंद केल्यावरही क्रोम मागे चालू राहू शकतो. घरात तिघांची तीन प्रोफाइल एकाच वेळी उघडी असतील तर प्रत्येकाची एक्स्टेन्शन वेगळी चढतात, हेही ध्यानात ठेवा.

कॅश (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) साफ केल्याने रॅम सुटत नाही. कॅश मुख्यतः डिस्कवर असते. ती पुसली की पानं उलट सावकाश उघडतात. ‘रॅम बूस्टर’ तर बसवूच नका: तो चालू प्रोग्रामची मेमरी जबरदस्तीने डिस्कवर ढकलतो, आकडा खाली येतो आणि मशीन आणखी रखडतं.

मशीन आमच्याकडे कधी आणायचं

घरगुती मशीनच्या क्रोमच्या मेनूत ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ दिसतं आणि एखादं एक्स्टेन्शन काढायचं बटणच चालत नाही, तेव्हा. काही अँटीव्हायरसमुळेही ती ओळ येते, पण न निघणारं अनोळखी एक्स्टेन्शन बहुधा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, घुसवलेलं असतं. तिथे स्वतः खोडाखोड करू नका.

किंवा मोजकी पाच-सहा पानं उघडी असताना, एक्स्टेन्शन बंद असतानाही रॅम भरते तेव्हा. 4 जीबीच्या मशीनवर हे होणारच. तिथे 8 जीबी करा, आणि हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क). फरक जास्त तिथे जाणवतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, ‘मेमरी’खाली रॅमचे किती स्लॉट (खाचा) वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर3 या जुन्या प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर4 बसत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी मॉडेल क्रमांक दाखवा.

येताना त्रास चालू असतानाचे दोन फोटो मोबाइलवर काढून आणा: क्रोमच्या टास्क मॅनेजरचा, मेमरीनुसार लावलेला, आणि एक्स्टेन्शनच्या यादीचा. दुकानात मशीन नव्याने सुरू केलं की ते हमखास शहाण्यासारखं वागतं.