फ्रेड शटल्सवर्थ

(१८ मार्च १९२२ – ५ ऑक्टोबर २०११). अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पाद्री आणि वंशभेदविरोधी लढ्यातील अत्यंत निर्भय नेते. त्यांची कर्मभूमी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम. या शहरात शाळा, बस, उपाहारगृहे, उद्याने सगळीकडे काळ्या-गोऱ्यांना कायद्यानेच वेगळे ठेवलेले होते. विरोध करणाऱ्या कृष्णवर्णीयाची नोकरी सहज जाई, कारण मालक बहुधा गोरा असे. पाद्र्याचा चरितार्थ मात्र मंडळीच्या दानावर चाले आणि सभेसाठी हक्काची जागाही चर्चचीच. या लढ्यात पाद्री इतक्या संख्येने पुढे दिसतात, त्याचे हे मोठे कारण आहे.

शटल्सवर्थ १९५३ मध्ये बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पाद्री झाले. जून १९५६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अलाबामात ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे काम थांबवले गेले. काही दिवसांतच त्यांनी ‘अलाबामा ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना उभी केली. त्याच वर्षी नाताळच्या रात्री त्यांच्या राहत्या घराला डायनामाइट लावण्यात आले. घर कोसळले, पण पलंगावर असलेले शटल्सवर्थ ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले. शहर सोडून जा, असे एका पोलिसाने सुचवले. त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्याच दिवशी ठरल्याप्रमाणे ते अनुयायांसह बसमध्ये गोऱ्यांच्या जागांवर जाऊन बसले. सप्टेंबर १९५७ मध्ये ते आपल्या मुलींची नावे गोऱ्यांच्या फिलिप्स हायस्कुलात घालायला गेले, तेव्हा जमावाने त्यांना साखळ्यांनी मारले आणि पत्नी रुबी यांना भोसकले. लोक त्यांच्यामागे गेले, कारण मार खायला ते स्वतः आधी पुढे होत.

१९६१ मध्ये ते ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरातील चर्चमध्ये रुजू झाले, तरी बर्मिंगहॅमचे नेतृत्व त्यांनी सोडले नाही. तिथल्या १९६३ च्या वंशभेदविरोधी आंदोलनासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यांनीच बोलावले. निदर्शकांवर सोडलेले पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे फवारे यांची छायाचित्रे जगभर पोहोचली व श्रेय प्रामुख्याने किंग यांना मिळाले; पण जमीन शटल्सवर्थ यांनी सात वर्षे खपून तयार केली होती, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. फवाऱ्याने जखमी होऊन ते रुग्णालयात असताना किंग यांनी मोर्चे थांबवण्याचे ठरवले. आपल्याला न विचारता हे घडले म्हणून ते किंग यांच्यावर उघडपणे संतापले. १० मे रोजी शहरातील व्यापाऱ्यांशी झालेला समझोता अखेर दोघांनी मिळून जाहीर केला. पुढच्याच वर्षी वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा झाला. २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या विमानतळाला शटल्सवर्थ यांचे नाव देण्यात आले.